कोपर सांभाळ, पाय कमव

प्रिय मित्रा,

पत्र वाचलं, व्हिडिओही पाहिले. सोळाव्या वर्षी ७०० ग्रॅमचा भाला ५६ मीटरवर जातोय, म्हणजे सुरुवात चांगली आहे. पण तू विचारलेले तिन्ही प्रश्न हाताचे आहेत : खांद्याला कोणता व्यायाम, पकड कोणती, आणि ९० मीटरचा परदेशी भाला घ्यावा का. पायांबद्दल एक अक्षर नाही.

आधी भाल्याचं सांगून टाकतो : घेऊ नकोस. कंपन्या भाल्यावर ६०, ७०, ८०, ९० असे आकडे घालतात, म्हणजे साधारण तेवढे मीटर फेकणाऱ्यासाठी. वजन तेच असतं, ताठपणा वेगळा. ताठ भाला दांड्याच्या रेषेत सुटला तरच लांब जातो. तुझा हात अजून बाजूने वळून येतो, त्यामुळे दांडा हवेत थरथरत जातो. त्या थरथरीत वेग मरतो, आणि भाला जितका ताठ तितका झटका कोपराला जास्त बसतो. तुला ६० किंवा ७० चा भरपूर झाला. पैसे खर्च करायचेच असतील तर भालाफेकीचे बूट घे, टाचेलाही खिळे असलेले. धावण्याच्या स्पाइक्सवर भाला फेकायचा म्हणजे डाव्या टाचेला जमीन धरायला काहीच नाही. ओल्या धावपट्टीवर पाय सरकला की गुडघा किंवा जांघ गेलीच म्हणून समज.

पकडीचंही थोडक्यात. अंगठा आणि तर्जनी, अंगठा आणि मधलं बोट, किंवा तर्जनी-मधल्या बोटांच्या बेचक्यात, या तिन्ही पकडींनी मोठमोठे फेकणारे झाले आहेत. बोटं दांड्यावर गुंडाळलेल्या दोरीच्या (भाला धरायच्या जागेच्या) मागच्या कडेला अडकली पाहिजेत आणि दांडा तळहातावर तिरका टेकला पाहिजे, एवढंच बघ. दर महिन्याला पकड बदलत बसलास तर एकही बसणार नाही.

आता मुख्य गोष्ट. भाला किती लांब जाणार हे जवळजवळ सगळं सुटतानाच्या वेगावर ठरतं, आणि अंतर त्या वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. वेग दहा टक्के वाढला तर अंतर साधारण वीस टक्क्यांनी. जागतिक दर्जाच्या पुरुषांचा भाला सेकंदाला २८ ते ३० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. एवढा वेग दंडात नसतो. सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक उचललं जातं, तसंच इथे आहे. धावत आलेलं शरीर डाव्या पायावर थांबतं. कमर, छाती, खांदा, कोपर, मनगट या क्रमाने वेग वर सरकतो आणि शेवटी भाल्यात जातो. डावा गुडघा वाकला की ब्रेकच लागला नाही. तुझ्या सहा फेकींपैकी पाचांत तो वाकलाय. त्या ठिकाणी सात-आठ मीटर पडून आहेत, असा माझा अंदाज.

गुडघा का वाकतो? पाय अशक्त आहे हे एक कारण, पण तुझ्या बाबतीत दुसरं मोठं आहे : तू शेवटच्या पावलाला थांबतोस. उजवा पाय टेकल्यावर डावा लगेच टेकायला हवा, जवळजवळ लगोलग. तू उजव्यावर बसतोस, मग डावा टाकतोस. तोवर धावेचा वेग गेलेला असतो आणि उरलेलं हाताने ओढावं लागतं. त्यावर उपाय असा. पुढचे सहा आठवडे पूर्ण धाव बंद. पाच पावलांची धाव घे, त्यातली तीन आडवी (क्रॉस, म्हणजे अंग बाजूला वळवून एक पाय दुसऱ्याच्या पुढून टाकत). भाला आधीच मागे नेलेला, तळहात वर, हात खांद्याच्या उंचीला, टोक भुवईजवळ. शेवटून दुसरं पाऊल लांब पण बुटकं, उडी नव्हे. मग डावी टाच, ताठ पाय. सरावात आठवड्यातून दोनदा २० ते २५ फेकी, ताकद सत्तर टक्के. अंतर मोजू नकोस. टेप आणलास की हात मध्ये घुसतोच.

पूर्ण धाव पुन्हा सुरू केलीस की १३ ते १५ पावलं पुरतील. दोन खुणा ठेव : सुरुवातीची, आणि भाला मागे न्यायला लागतोस तिथली. डावा पाय चापाच्या (धावपट्टीच्या टोकाला असलेल्या वक्र फाउल-रेषेच्या) मागे निदान दीड-दोन मीटरवर पडला पाहिजे, नाहीतर सावरताना रेषेपलीकडे जाशील. वारा समोरून असला की पावलं आखूड पडतात आणि पाठीमागून असला की लांब, म्हणून सराव फेकीत खुणा तपास. हेही लक्षात ठेव : फेक सुटल्यावर धावपट्टीवरून मागच्या बाजूनेच बाहेर पडायचं, तेही भाला टेकल्यावर. चांगल्या फेकीनंतर आनंदात पुढे पळत जाऊन फाउल ओढवून घेणारी पोरं दर जिल्हा स्पर्धेत दिसतात.

आता कोपर. फेकताना कोपर खांद्याच्या खाली घसरला की आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर सगळा ताण येतो. एका फेकीने तो तुटत नाही, शेकडो फेकींनी झिजतो. पहिली खूण म्हणजे दुसऱ्या दिवशी बादली उचलताना कोपराच्या आत कळ येणं. ती आली की आठवडाभर भाला बंद. वेदनेवरचा फवारा मारून फेकत राहू नकोस. चेंडूफेक (४०० ते ६०० ग्रॅम, भिंतीवर) आणि दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी डोक्यावरून, हे हाताचं खरं शिक्षण. हाताचा कोन तिथे सुधारतो आणि कोपर शाबूत राहतो. ८०० ग्रॅमच्या भाल्याची घाई नको. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ७०० ग्रॅम ठेवलंय, ते काही उगाच नाही.

नीरज चोप्रासारखं व्हायचंय, असं लिहिलंस. मग त्याचे आकडे नीट बघ. २०१६ मध्ये पोलंडमधल्या बिडगोश्च इथे वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याने ८६.४८ मीटर फेकला. दोह्यात ९०.२३ झाले ते मे २०२५ मध्ये. मधली नऊ वर्षं, वाढ ३.७५ मीटर. त्यातच टोकियोचं ऑलिंपिक सुवर्ण (८७.५८), बुडापेस्टचं जागतिक सुवर्ण (८८.१७), पॅरिसचं रौप्य (८९.४५). टोकियोची फेक तर त्याच्या स्वतःच्या त्याआधीच्या विक्रमापेक्षाही कमी होती. म्हणजे सुवर्णासाठी दर वर्षी नवा विक्रम लागत नाही; हव्या त्या दिवशी आपल्या नेहमीच्या अंतराच्या जवळ फेकता आलं पाहिजे. तू एका वर्षात दहा मीटर वाढवायचे म्हणतोस. पाय सुधारलास तर कदाचित जमतीलही, पण त्यानंतरचा प्रत्येक मीटर महाग पडेल.

आणि त्याच्या दुखापती बघ. मे २०१९ मध्ये मुंबईत कोपराची शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची दोह्यातली जागतिक स्पर्धा हुकली. परतला तो जानेवारी २०२० मध्ये, दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला, आणि ८७.८६ फेकून ऑलिंपिकची पात्रता मिळवली. आठ महिने घाई न केल्याचं ते फळ, असं मी मानतो. पुढे जांघेच्या दुखण्याने २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा गेली. डाव्या पायावर आदळून थांबायचं आणि आडवी पावलं टाकायची, तर जांघ दुखणारच. म्हणून आतल्या मांडीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, कंटाळवाणे असले तरी. २०२४ मध्ये ब्रसेल्सला डायमंड लीगच्या अंतिम स्पर्धेत तर डाव्या हाताचं हाड मोडलेलं असताना त्याने ८७.८६ फेकला आणि एका सेंटीमीटरने पहिला नंबर हुकला. भाला उजव्या हातात असतो खरा, पण फेकताना डावा हात छातीशी ओढून घ्यावा लागतो, आणि नीरज फेकून झाल्यावर दोन्ही हातांवर पडतो. तुझा डावा हात व्हिडिओत लोंबकळतोय, तो आवळ.

अठराव्या वर्षानंतरचं थोडं. सेना, रेल्वे, पोलीस यांच्या खेळाडू भरतीवर लक्ष ठेव. नीरजही सेनेतच नायब सुभेदार झाला. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या मैदानाला २०२१ मध्ये त्याचं नाव दिलं. प्रवेशाची चौकशी स्वतः कर, मध्यस्थाला पैसे देऊ नकोस. जन्मतारखेत फेरफार करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या सावलीलाही उभा राहू नकोस. जिमच्या दुकानातली पावडर, ताकदीची गोळी, ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून दिलेलं चूर्ण, काहीही घेऊ नकोस. नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला तर जबाबदारी तुझीच धरली जाते. दुकानदार येत नाही साक्षीला. सर्दीचं औषध घेतानाही डॉक्टरला सांग की चाचणी होऊ शकते. दूध, अंडी, डाळ, भाकरी, भात आणि नऊ तास झोप यांवर ७० मीटरपर्यंत आरामात जाता येतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा व्हिडिओ पाठव. या वेळी मागून नको. उजव्या बाजूने, दहा-बारा मीटरवर, फोन कमरेच्या उंचीला तिपाईवर, स्लो मोशनमध्ये. शेवटची तीन पावलं आणि भाला सुटल्यानंतरचे दोन मीटर चौकटीत आले पाहिजेत. लागोपाठच्या पाच फेकी पाठव, चांगल्या तेवढ्या निवडून नको. आणि प्रत्येकीपुढे लिही की भाला टोकावर पडला की आडवा.

तुझा,
एक प्रशिक्षक