छोट्या दुकानदाराने रिटर्न स्वतः भरावं की सीएकडे द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत छोटं दुकान आहे, वर्षाची उलाढाल २५ लाखांच्या आसपास आहे आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न स्वतः भरावं की सीएकडे द्यावं ते कळत नाही. कोणीही भरू दे, पण त्यात जाणारा नफ्याचा आकडा खरा हवा आणि तो तुम्हाला माहीत हवा. आमच्या घरात यावरून वर्षानुवर्षं वाद झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

दादरला माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, शिवाय फॉल-पिको. थोरल्या दिरांच्या ओळखीच्या एका टॅक्सवाल्याकडे मी कागद दिले होते. त्याने मला काही न विचारता उत्पन्न पावणेपाच लाख टाकलं. तेव्हा पाच लाखांपर्यंत कर लागत नव्हता, म्हणून येईल त्या दुकानदाराचं तो तेवढंच दाखवायचा. मी म्हटलं, माझा नफा याहून जास्त आहे, तो लिहा. तर म्हणे, "ताई, तुमचेच पैसे वाचवतोय." मी कागद परत घेतले, दुसरीकडून खरा नफा दाखवून रिटर्न भरलं आणि कर भरला. त्या गणपतीत दिरांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "सरकारचा एवढा पुळका कशाला? आपण कष्टाने कमवतो." जाऊबाईंनीही मान डोलावली. मी तेव्हा गप्प बसले, पण पुढची सगळी वर्षं रिटर्न तसंच भरत राहिले.

मग कल्याणला फ्लॅट घ्यायचं ठरलं. बँकेने तीन वर्षांची रिटर्नं मागितली, सोबत नफा-तोट्याचं पत्रक. माझ्या कागदांवर हवं तेवढं कर्ज मंजूर झालं. दिरांचं लालबागचं दुकान माझ्या दुपटीने चालतं, पण मुलासाठी घर घ्यायला गेले तेव्हा बँकेने जेवढं देऊ केलं त्यात आगाऊ रक्कमसुद्धा निघाली नसती. बँक गल्ला बघायला दुकानात येत नाही, रिटर्नवरचं उत्पन्न बघते. ते अजूनही बँकेलाच दोष देतात.

आता तुमचं. आयकरात कलम ४४एडी आहे, म्हणजे छोट्या धंद्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरायची सोय. ते घेतलंत तर हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. रोख विक्रीवर ८ टक्के आणि यूपीआय, कार्ड किंवा बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के नफा धरायचा. तुमच्या २५ लाखांत १५ बँकेतून आणि १० रोख असतील तर ९० हजार अधिक ८० हजार, म्हणजे १ लाख ७० हजार. पण ही किमान रक्कम आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, कायद्यात तसंच आहे. आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, मग लपवून मिळवायचं काय? क्यूआर कोडवर आलेला प्रत्येक रुपया बँकेत दिसतो. २०२५ च्या जुलैत बेंगळुरूमध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्याच होत्या.

एवढाच व्यवहार असेल तर आयटीआर-४, म्हणजे ४४एडी घेणाऱ्यांचा रिटर्नचा फॉर्म, स्वतः भरता येतो. सीएकडे दिलंत तरी आयकराच्या पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच ठेवा. हे टॅक्सवाले स्वतःचा नंबर टाकतात, मग ओटीपी त्यांनाच जातो आणि नोटीस आली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. भरण्याआधी आकडा दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्याकडून कागद परत घ्या, तो घरच्यांच्या ओळखीचा असला तरी.

एक-दोन गोष्टी राहिल्या. कमिशन किंवा दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी चालत नाही. एकदा घेऊन मध्येच सोडलंत तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. शेअर विकून झालेल्या नफ्याला ती १२ लाखांची सवलत नाही, तिथे सीएच बरा. वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो १५ मार्चपर्यंत आगाऊ भरायचा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. आणि जीएसटी नोंदणी सक्तीची होण्याची ४० लाख उलाढालीची मर्यादा निव्वळ माल विकणाऱ्यांना आहे. माझ्यासारखी फॉल-पिकोची किंवा दुसरी कसलीही सेवा देत असाल तर ती २० लाख आहे. तुमची उलाढाल २५ लाख, तेव्हा हे आधी तपासा.