टेक्सासच्या वाळवंटातल्या मार्फा गावात खरंच कलाकार राहतात, की सगळा पर्यटकांसाठी देखावा? ऑस्टिनहून मुद्दाम जाण्याइतकं तिथे काय आहे?

मुद्दाम जाण्याइतकं नक्की आहे. फक्त ‘चला, गॅलऱ्या पालथ्या घालू’ असा बेत करून जाऊ नका, हिरमोड होईल. गॅलऱ्या आहेत, दोन-चार चांगल्याही आहेत. पण मार्फाचं नाव ज्या कामामुळे झालं ते विकायला नाही आणि जागचं हलणारही नाही. मी ऑस्टिनलाच राहतो. पाहुणे आले की बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाची फेरी ठरलेली, आणि जाता-येता मार्फाला थांबणं होतंच. त्या जोरावर सांगतो.

आधी गाव कसं आहे ते. १८८०च्या दशकात आगगाडीच्या इंजिनात पाणी भरायचा थांबा म्हणून ते वसलं. चिवावा वाळवंटाच्या पठारावर, १,४३० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही जरा वर. वाळूचे डोंगर डोळ्यांसमोर असतील तर ते विसरा. पिवळं गवत, तारेची कुंपणं आणि लांबवर निळसर डोंगर. फोर्ट डी. ए. रसेल हा इथला लष्करी तळ १९४६मध्ये बंद झाला, १९५०च्या दशकातल्या दुष्काळाने गुरं पाळणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. १९३०मध्ये चार हजारांच्या घरात असलेली वस्ती २०२०च्या जनगणनेत १,८००च्याही खाली होती.

अशा पडत्या गावात डोनाल्ड जड हा अमेरिकन शिल्पकार आला. १९४६मध्ये सैन्यात असताना बसने जाता जाता त्याने हा मुलूख पाहिला होता आणि जवळच्या व्हॅन हॉर्नहून ‘सुंदर प्रदेश, डोंगर’ अशी तार आईला केली होती. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याचं नाव झालं, पण संग्रहालयांशी त्याचं कधी पटलं नाही. काम काही आठवडे मांडायचं, मग खोक्यात भरून दुसरीकडे धाडायचं, वाटेत पोचे पडायचे, नव्या जागी उजेड भलताच! काम एकदा नीट मांडलं की ते तिथेच राहिलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. १९७१मध्ये तो मार्फाला आला, आणि मग एकेक घर, कोठार, शेड घेत सुटला. लष्करी तळाच्या जागेसाठी पैसा कलेला पैसा पुरवणाऱ्या डिया फाउंडेशनचा, आणि डियाचा पैसा श्लंबर्जे या तेलक्षेत्रातल्या कंपनीच्या शेअर्समधून आलेला. १९८०च्या दशकात तेल घसरलं तशी डियाने मूठ आवळली. जड कोर्टाची भाषा करू लागला, आणि त्या तंट्यातून सगळा पसारा स्वतंत्र होऊन १९८६मध्ये चिनाटी फाउंडेशन उभं राहिलं. वाळवंटातल्या कलेचं भवितव्य तेलाच्या भावावर ठरलं, हे अगदी टेक्ससला शोभणारं आहे.

चिनाटीत एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर तोफखान्याच्या दोन जुन्या शेडमधल्या अॅल्युमिनियमच्या शंभर पेट्या बघा. जडने १९८२ ते १९८६ या काळात केलेल्या. बाहेरून सगळ्यांचं माप एकच, ४१ बाय ५१ बाय ७२ इंच. आतली रचना मात्र शंभरातल्या प्रत्येकीची निराळी. कुठे मधे आडवा पत्रा, कुठे तिरका, कुठे वरची बाजूच उघडी. वर्णन ऐकून माझ्या बायकोने ‘गोदरेजचं गोडाऊन बघायला सात तास गाडी चालवायची?’ असं विचारलं होतं. शेडच्या दोन्ही भिंतींना जडने गॅरेजची दारं काढून मोठ्या चौकोनी काचा बसवल्या आहेत. ऊन तिरपं झालं की पत्र्यात बाहेरचं गवत आणि आकाश उतरतं. समोरची पेटी आरपार पोकळ आहे असं वाटतं, दोन पावलं सरकलं की मधे भक्कम पत्रा दिसतो. ढग आला की सगळी रांग राखाडी, आणि तो सरकला की पुन्हा पेटते. भिंतीवर एक जर्मन पाटी अजून वाचता येते: डोकं गमावण्यापेक्षा वापरलेलं बरं. दुसऱ्या महायुद्धात इथे जर्मन युद्धकैदी ठेवले होते, तेव्हाची. जडने ती पुसली नाही.

बाकी भराभर सांगतो. त्याच आवारात सहा जुन्या बराकींत डॅन फ्लेव्हिनच्या रंगीत ट्यूबलाइट, गावात लोकरीच्या कोठारात जॉन चेंबरलेनने मोटारींचे पत्रे चेपून केलेली शिल्पं, आणि जुन्या इस्पितळाच्या जागेवर २०१६मध्ये पुरं झालेलं रॉबर्ट अर्विनचं काम. जडच्या काँक्रीटच्या पेट्यांचे १५ गट कुरणात किलोमीटरभर पसरलेत. ते पायी बघायचे, सकाळी लवकर.

नव्या पिढीचं काम बघायचं तर बॉलरूम मार्फा. २००३मध्ये जुन्या नाचघरात सुरू झालेली ही जागा माल विकायला नाही, नवी कामं घडवायला आहे. इन्स्टाग्रामवर गाजलेलं प्राडाचं दुकानही (खरं दुकान नाही, दुकानाच्या रूपातलं शिल्प; २००५, कलाकार एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट) उभं करण्यात तिचा हात होता. ते गावात नाहीच, हायवे ९०वर व्हॅलेंटाइनजवळ आहे. दार कधी उघडत नाही. सुरुवातीलाच चोरी झाल्यावर बुटांमधले फक्त उजव्या पायाचे ठेवले आणि बॅगांचे तळ कापून टाकले. फोटो काढा आणि पुढे निघा, पाच मिनिटांपलीकडे तिथे काही नाही.

आता ‘खरंच राहतात का?’ राहतात, पण कलेवर पोट भरणारे थोडे. चिनाटी काही कलाकारांना ठरावीक मुदतीसाठी राहायला-काम करायला जागा देते. ते येतात आणि जातात. कायम राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याशी माझं बोलणं झालं त्यांत कोणी सुतारकाम करतं, कोणी कॅफेत असतं, आणि चित्रं उरलेल्या वेळात. गावातल्या नोकऱ्या म्हणजे शाळा, काउंटीची (जिल्ह्याची) कचेरी आणि बॉर्डर पेट्रोल, म्हणजे सीमेवर गस्त घालणारं दल.

देखाव्याची बाजूही आहेच. बाहेरच्या पैसेवाल्यांना अडोबी, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची घरं आवडू लागली, तशा त्यांच्या किमती चढल्या. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे मोठा भार घरपट्टीवर. २०१७च्या सुमारास काउंटीने अडोबी घरांचं मूल्यांकन वेगळं काढून वाढवलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीच्या घरात राहिलेल्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची बिलं फुगली. गरिबाचं घर फॅशनमध्ये आलं, त्याचा भुर्दंड गरिबालाच! म्हणून ब्लॅकवेल शाळा चुकवू नका. मेक्सिकन मुलांना १९६५पर्यंत इथे वेगळं बसवत. १९५४मध्ये ‘आम्ही स्पॅनिश बोलणार नाही’ अशा चिठ्ठ्या मुलांकडून लिहून घेऊन शाळेच्या आवारात त्या पुरल्या होत्या, ‘मिस्टर स्पॅनिश’चा लुटुपुटूचा दफनविधी म्हणून. २०२२च्या कायद्याने ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. कलाप्रवासाच्या बहुतेक व्हिडिओंत हिचं नावही नसतं, ते मला खटकतं.

जायचं तर गुरुवार ते रविवार. सोमवार-मंगळवारी निम्मं गाव कुलूपबंद असतं, जेवायचीही पंचाईत होते. चिनाटीच्या फेऱ्या आधी ऑनलाइन बुक करा, ऑक्टोबरमधल्या चिनाटी वीकेंडला, म्हणजे फाउंडेशनच्या वार्षिक सोहळ्याला, खोली मिळणं मुश्कील. वाटेतल्या फोर्ट स्टॉकटनला टाकी भरून घ्या. आणि व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) जवळ असू द्या: दक्षिणेकडून परतताना हायवे ६७वर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, फोनमधल्या फोटोवर तिथे भागेलच असं नाही.