विहीर आटली, आता सातशे फुटांचा बोअर मारावा का?

प्रश्न : आमची ४० फुटी विहीर पूर्वी एप्रिलपर्यंत पाणी द्यायची. आजूबाजूला बोअर झाले आणि आता ती जानेवारीतच तळ दाखवते. पाणाड्याने नारळावर जागा दाखवली आहे, ७०० फुटांवर पाणी लागेल म्हणतो. मुलगा कर्ज काढायला निघाला आहे. काय करावे?
– एक शेतकरी, ता. पारनेर

उत्तर : कर्ज आत्ता काढू नका. भूजलाच्या कामासाठी मी गावोगाव हिंडले आहे आणि लेकीच्या लग्नाला ठेवलेले पैसे कोरड्या भोकात गेलेले पाहिले आहेत, म्हणून हे आधी सांगते.

तुमच्या शेताखालचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एकावर एक थर पसरत गेले. थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पांढरे स्फटिक भरले; विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा गेरू सापडतो. पाषाणाला अंगचे पाणी जवळजवळ नसतेच. पाणी राहते ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि फटींत, आणि तेही बहुतेक वरच्या शंभर-दीडशे फुटांत. त्याखाली खडकाच्या ओझ्याने फटी मिटत जातात. जुन्या विहिरी तीस-चाळीस फुटांवर थांबतात त्या याच हिशोबाने. झरा लागला, खाली पाषाण लागला, काम संपले.

आता बोअरचे बघा. गाडीवाला वरच्या माती-मुरमापुरता केसिंग पाइप घालतो, त्याखाली भोक उघडेच. ते पाषाण आणि गेरू भेदत खाली जाते. जे पाणी गेरूवर अडून आडवे सरकत तुमच्या विहिरीत यायचे, ते आता त्या भोकातून खाली पडते. पावसाळा सरल्यावर एखाद्या फेल गेलेल्या बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज बऱ्याचदा स्पष्ट ऐकू येतो. ते पाणी कुणाच्या तरी विहिरीच्या झऱ्याचे असते. माणसाने जमिनीची रचना बदलली म्हटले की आपल्याला खाणी आणि धरणे आठवतात. ही साडेसहा इंची भोकेही तेच करतात. निसर्गाने वेगवेगळे ठेवलेले थर आपण एकमेकांत उघडून टाकले आहेत.

७०० फुटांवर पाणी लागणारच नाही, असे मी म्हणत नाही. एखादी खोल फट लागते, पहिले एक-दोन हंगाम मोटर जोरात चालते. पण तिथवर पाऊस मुरत पोचायला फार काळ लागतो. साठलेले उपसून झाले की बोअर हवा फेकतो आणि शेजारी आठशेला जातो. नारळ हातावर उभा राहिला म्हणून खडकातली फट कळत नाही; जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे भूवैज्ञानिक आहेत, त्यांची पाहणी करून घ्या. शिवाय २००९च्या राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा जास्त खोलीवर निर्बंध आहेत, हेही मुलाला सांगा.

मे महिन्यात विहीर कोरडी पडेल तेव्हा जाणत्या माणसाला आत उतरवा. ओल कुठल्या अंगाला, किती फुटांवर आहे? तिथला खडक मऊ आहे का? असेल तर त्याच पट्ट्यात आडवे बोअर घ्या, खर्च बराच कमी येतो. गाळ काढा. पावसाचे वाहते पाणी दगड, खडी, वाळूच्या गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडा. गढूळ पाणी थेट सोडले तर झरे बुजतात. भावकीच्या रानात फेल गेलेला बोअर असेल तर भूवैज्ञानिकाच्या सल्ल्याने तो बुजवून घ्या. त्यात लहान पोरांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

मात्र एकट्याने एवढे करून पुरत नाही, कारण पाणी बांध ओळखत नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळी बंद केली. तिथे पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच रब्बीची पिके ठरवतात. पाऊस तिथेही बेताचाच, खडकही तुमच्यासारखाच. मुलाला आणि ज्यांच्या बांधाला बोअर आहेत त्या दोघा-तिघांना सोबत घेऊन एकदा तिथे जाऊन या. कर्जाची बोलणी त्यानंतर करा.