अवर्षणानंतरचे कुरण: नांगरण्याची घाई नको, चराईचीही नको

प्रश्न: सलग दोन वर्षे पाऊस कमी झाल्याने कुरण करपून गेले आहे. आता पाऊस झाल्यावर ते नांगरून नवे गवत लावावे का, आणि जनावरे केव्हा सोडावीत?

उत्तर: नांगर घालण्यापूर्वी गवताची ठोंबे (मुळाशी एकत्र वाढलेले झुबके) तपासावीत, कारण वरून वाळलेले प्रत्येक ठोंब मेलेले असतेच असे नाही. पवना, मारवेल यांसारख्या बहुवर्षायू गवतांचे डोळे, म्हणजे नवी फूट जिथून येते ते कोंब, जमिनीलगतच्या बुंध्यात सुप्त राहतात. कुरणात आडवेतिडवे फिरून वीस-पंचवीस ठोंबे हाताने ओढून पाहावीत. मेलेले ठोंब सहज उपटून येते, जिवंत ठोंब जमीन सोडत नाही. शंका राहिल्यास एखादे ठोंब खणून धुवावे आणि त्याचा बुंधा विळ्याने उभा चिरावा. आतला भाग पांढरट, ओलसर आणि घट्ट असेल तर ते जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा भुसभुशीत असेल तर गेले. बहुतेक ठोंबे जिवंत निघाल्यास नांगरट करू नये.

पहिल्या पावसानंतरची फूट ही बुंध्यात आणि मुळांत शिल्लक राहिलेल्या अन्नावर येते, आणि अवर्षणात हा साठा आधीच आटलेला असतो. ती फूट जनावरांनी खाल्ली की ठोंबाला त्याच साठ्यातून पुन्हा फुटावे लागते, आणि असे दोन-तीनदा झाले की दुष्काळात तगलेले ठोंबही पावसाळ्यात मरते. पाल्याचा सुमारे 80 टक्के भाग गेल्यास मुळांची वाढ बारा दिवसांपर्यंत थांबू शकते. निम्मा पाला राखला तर ती फारशी अडत नाही. वैरण संपत आलेली असताना डोळ्यांसमोरच्या हिरवळीपासून जनावरे आवरणे किती अवघड जाते, याची मला जाणीव आहे. तरीही पहिल्या वर्षी बी पिकून गळेपर्यंत कुरण बंद ठेवावे आणि त्यानंतर जमिनीपासून चार बोटे बुंधा राखून गवत कापून न्यावे. सगळे कुरण बंद ठेवणे शक्य नसल्यास निदान सर्वांत विरळ झालेला भाग तरी राखावा.

सुरुवातीची हिरवळ पुष्कळदा टाकळा आणि गाजर गवत या तणांची असते; ती फुलोऱ्यापूर्वी उपटावी.

जेथे ठोंबे खरोखरच गेली आहेत, तेवढ्याच जागी बी टाकावे. ताजे बी पुष्कळदा सुप्तावस्थेत असल्याने नीट उगवत नाही, म्हणून मागील हंगामात जमवलेले बी घ्यावे. ते हलके व कुसळाचे असल्याने ओलसर मातीत चोळून पेरावे, एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये आणि रोपे मूळ धरेपर्यंत त्यावर काटेरी फांद्या पसराव्यात.