व्हायोलिन मुलीचं, फोन बाबांचे

पुण्याहून एका बाबांचं पत्र आलंय. मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, व्हायोलिनची आठवी म्हणजे शेवटची ग्रेड परीक्षा झालीय, तिला सिम्फनी ऑर्केस्ट्रात फ्रीलान्स वाजवायचंय. बाबा विचारतात, पर्मनंट पोस्टसाठी कोणती परीक्षा द्यायची, कारण 'फ्रीलान्स म्हणजे शेवटी बेकारच'.

दादा, परीक्षेचं नंतर बघू. तुम्ही मधेच सहज लिहून गेलात की तिच्या वतीने तुम्ही मुंबईच्या तीन वादकांना फोन केले आणि एकाला तिची मार्कशीटही व्हॉट्सअ‍ॅप केलीत. हे वाचून मी कपाळावर हात मारला हो! अहो, हे काम मिळतं कसं, तर कॉन्सर्टच्या चार दिवस आधी कुणीतरी आजारी पडतं आणि बाकीचे वादक आपसात विचारतात, कुणाला बोलवायचं, जी समोर ठेवलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाचेल, वेळेआधी येऊन बसेल आणि शेजारच्याला ताप देणार नाही. तिथे 'तीच ना, जिचे वडील फोन करतात' अशी ओळख झाली की बसा.

आता बेकारीचं. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा 1904 पासून चालू आहे, आणि तिथले मेंबर वादकसुद्धा सेल्फ-एम्प्लॉइड असतात, वाजवलं त्याचे पैसे. आपल्या हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत गोव्याचे वादक असेच सेशनवर, म्हणजे रेकॉर्डिंगपुरते बोलावले की वाजवायचे, चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकलेले म्हणून त्यांना मागणी. त्यामुळे फ्रीलान्स ही या धंद्याची रीतच आहे, लाज कसली त्यात.

पैशाचं मात्र गोड बोलणार नाही. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 ला सुरू झाली, पण मोठे सीझन वर्षातून दोनच आणि बाहेरदेशचे वादकही बरेच, तेवढ्यावर भाडं निघणार नाही. शिकवण्या, लग्नात चौघांनी मिळून वाजवायचे क्वार्टेट, रेकॉर्डिंग हे धरूनच हिशोब करायचा. ग्रेडच्या पुढे डिप्लोमा करायचा तर करू दे, त्याने नोकरी लागत नाही. त्यापेक्षा व्हायोला, व्हायोलिनचाच थोडा मोठा भाऊ, हातात घेऊ दे, ते वाजवणारे कमी असतात.

आणि रिहर्सलला पेन्सिल. दोघांत नोटेशनचा एक स्टँड असतो, आतल्या बाजूला, म्हणजे प्रेक्षकांपासून लांब बसलेल्याने पान उलटायचं, बोइंग म्हणजे गज वर-खाली न्यायची पद्धत बदलली की पेन्सिलने खूण करायची, पेनने केलीत तर ऑर्केस्ट्राची नोटेशनं सांभाळणारा लायब्ररीवाला ओरडतो. असलं ग्रेडच्या पुस्तकात नसतं, रिहर्सलला बसूनच कळतं.

ते तीन नंबर तेवढे डिलीट करा. तिला भेटायचं असेल तर ती कॉन्सर्टनंतर स्वतः जाऊन भेटेल.