कुत्र्यांच्या ग्रूमिंग सलूनसाठी गणवेश निवडताना

लोगोचा विचार नंतर करावा, आधी कापड पाहावे. पोलो टी-शर्टचे जाळीदार कापड नीटनेटके दिसत असले, तरी त्यात कुत्र्यांचे केस रुतून बसतात आणि नखेही अडकतात. म्हणून अंघोळ घालणाऱ्या व केस कापणाऱ्या कर्मचाऱ्यांना घट्ट विणीच्या, गुळगुळीत पॉलिस्टरचा, पुढे चेन असलेला ढगळ स्मॉक (कपड्यांवरून घालायचा झगा) द्यावा. पोलो स्वागतकक्षापुरता ठीक आहे. भरतकाम केलेला लोगो टिकाऊ असतो, परंतु जलरोधक ॲप्रनवर सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपत असल्याने तेथे छपाईच योग्य ठरते. काळ्या रंगावर मळ दिसत नाही, असे विक्रेता हमखास सांगेल. फिकट लॅब्रॅडॉरचे केस मात्र त्यावरच सर्वाधिक उठून दिसतात, त्यामुळे मध्यम करडा रंग बरा. संपूर्ण मागणी नोंदवण्यापूर्वी लोगोसह एक नमुना शिवून घ्यावा आणि तो वारंवार धुऊन पाहावा.