आयात, आयतं आणि स्वायत्त

प्रश्न असा: "पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आमच्या पॅकेजातल्या बऱ्याच फायलींना नम्पाय (आकडेमोडीची लायब्ररी) लागतं. पॅकेजाच्या सुरुवातीच्या इनिट फायलीत ‘एकदाच आयात केली’ की सगळ्यांना मिळतं, असं टीममध्ये म्हणतात. इम्पोर्टला, म्हणजे बाहेरचा कोड फायलीत आणण्याला, ‘आयात’ म्हणणं बरोबर का?"

‘आयात’ला माझी हरकत नाही, ‘एकदाच’ला आहे. बडोद्यात हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. पायथनमधलं प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे प्रत्येक फाईल, स्वायत्त असतं. इनिट फायलीत आणलेलं ‘एनपी’ हे नम्पायचं छोटं नाव त्या फायलीपुरतंच. शेजारच्या फायलीत तसंच वापरलंत की नेम एरर (‘हे नाव माहीत नाही’ अशी तक्रार) आलीच.

आता ‘स्वायत्त’ निघालाच आहे तर तो फोडून बघा: स्व + आयत्त. आयत्त म्हणजे अवलंबून, ताब्यातलं. आपला ‘आयता’ याच आयत्तपासून आला, असं माझं ठाम मत आहे. आधी ताब्यातलं, मग हाताशी तयार, मग बिनकष्टाचं. दांडिया बाजारातली गुजराती शेजारीण ‘आयतुं’ म्हणते, तेही नेमकं याच अर्थानं. ‘बाहेरून आलं ते आयतं’ म्हणत ‘आयता’ची नाळ ‘आयात’शी जोडणारे पंडित प्राकृताचा साधा नियम विसरतात. दोन स्वरांमधला एकटा त तिथं टिकत नाही: माताची माय झाली, घातचा घाय. दुहेरी त मात्र तग धरतो: भक्त, भत्त, भात. ‘आयता’तला त शाबूत आहे, कारण मुळात तो दुहेरी होता. ‘आयात’ हा संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला शब्द. आ + या, म्हणजे ‘आलेला’. दोघांचे धातूच वेगळे!

तुमच्या टीमचा घोळही ‘आयत्त’ आणि ‘आयात’ या दोन शब्दांचा आहे. पॅकेज नम्पायवर आयत्त आहे, ही नोंद पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या पॅकेजाच्या माहितीच्या फायलीत एकदाच करायची. ‘एकदाच’ तिथं शोभतं. आयात मात्र ज्या फायलीला हवी तिनं आपल्या माथ्यावर स्वतः लिहायची. त्यानं काम मंदावत नाही. लायब्ररी पहिल्या खेपेलाच लोड होते. पुढे पायथन तीच सिस डॉट मॉड्यूल्स या लोड झालेल्या मॉड्यूलांच्या साठ्यातून काढून देतो आणि त्या फायलीत फक्त नाव बांधतो. सगळ्या आयाती एका कॉमन फायलीत कोंबून स्टार इम्पोर्टनं, म्हणजे सगळी नावं सरसकट आणून, वाटू नका. कुठलं नाव कुठून आलं ते वाचणाऱ्याला कळेनासं होतं, आणि २००१ पासूनच्या पीईपी ८ या पायथनच्या शैलीनियमांतही ते टाळायलाच सांगितलं आहे.